नागपूरचा विमानतळ आणि रात्रीची हवाई डाक

'डाक' या शब्दाचा अर्थ आज केवळ 'टपाल' असा केला जात असला, तरी वाटेतील टप्प्याटप्प्यांवर ठेवलेली माणसे वा घोडे, आणि त्यांच्या बदलीने होणारी वाहतूक, हा त्याचा जुना अर्थ होय. हा अर्थ आकाशमार्गास कसा लागू पडला, हे नागपूरच्या विमानतळाच्या इतिहासावरून दिसून येते.

दुसऱ्या महायुद्धात सोनेगाव येथील या तळाचा उपयोग ब्रिटिश हवाई दलाने वाटेतील टप्पा म्हणून केला. स्वातंत्र्यानंतर तो नागरी वाहतुकीस उपयोगी पडला. दळणवळणमंत्री रफी अहमद किडवाई यांच्या कारकीर्दीत, जानेवारी १९४९ मध्ये, रात्रीची हवाई डाक सुरू झाली. त्याच वर्षीच्या एप्रिलपासून देशांतर्गत पत्रे जादा आकार न घेता विमानाने नेण्याची योजना अमलात आली, आणि या सेवेचे महत्त्व वाढले.

योजनेचे स्वरूप साधे होते. मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथून रात्री एकेक विमान निघे. मध्यरात्रीच्या सुमारास चारही विमाने नागपुरास एकत्र येत. तेथे टपालाच्या थैल्यांची व प्रवाशांची अदलाबदल होई, आणि पहाटेपर्यंत विमाने आपापल्या शहरी परतत. चार शहरे परस्परांशी थेट जोडावयाची, तर दोन्ही दिशा धरून बारा उड्डाणे लागतात. नागपूरमार्गे तेच काम आठ उड्डाणांत व चार विमानांत साधले. या चार शहरांपासून नागपूरचे हवाई अंतर सुमारे ६८० ते ९८५ किलोमीटर आहे. तेव्हाच्या डाकोटा विमानास ते अडीच ते पावणेचार तासांत कापता येई. मध्यवर्ती स्थान आणि विमानाचा वेग यांचा असा मेळ बसला होता.

या व्यवस्थेचा सारा भार विमानतळावर पडे. धावपट्टीवरील दिवे, बिनतारी संदेशवहन, हवामानाची वार्ता व इंधनपुरवठा ही कामे ऐन मध्यरात्री बिनचूक व्हावी लागत. एका विमानास विलंब झाला की उरलेल्या तिघांचे वेळापत्रक कोलमडे. धोकाही होताच. डिसेंबर १९५३ मध्ये नागपुराहून उडालेले डाकोटा विमान कोसळून १३ जण मृत्युमुखी पडले. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये विमान कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण होऊन देशांतर्गत वाहतूक इंडियन एअरलाइन्सकडे आली होती.

१९६४ मध्ये इंडियन एअरलाइन्सच्या ताफ्यात कॅराव्हेल ही जेट विमाने आली. मुंबई-दिल्ली प्रवास सुमारे दोन तासांवर आल्यावर नागपूरच्या वळशाचे प्रयोजन उरले नाही, आणि सत्तरीच्या दशकात ही सेवा संपुष्टात आली. नकाशावर नागपूर होते तेथेच राहिले. बदलला तो वाहनाचा वेग.

२००५ मध्ये या विमानतळास डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव देण्यात आले. मालवाहतुकीचे मोठे केंद्र उभारण्यासाठी आखलेला 'मिहान' प्रकल्पही याच मध्यवर्तित्वाच्या आधारावर मांडला गेला. त्याचा विचार करताना हा पूर्वेतिहास दुर्लक्षून चालणार नाही. एखादे स्थान देशाच्या मध्यभागी आहे, एवढ्याने ते दळणवळणाचे केंद्र ठरत नाही. तेथे थांबून अदलाबदल करणे हे थेट जाण्यापेक्षा सोयीचे ठरेल, तेव्हाच ते केंद्र होते. आणि ही सोय प्रत्येक काळात नव्याने सिद्ध करावी लागते.