पटकी

पटकी : (कॉलरा, महामारी). व्हिब्रिओ कॉलरी या जंतूमुळे होणारा लहान आतड्याचा साथीचा रोग. हा जंतू पाचिनी यांनी १८५४ मध्ये फ्लॉरेन्स येथे पाहिला. कॉख यांनी १८८४ मध्ये कलकत्त्यात वेगळा काढला. त्याचे विष शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये दाखवले.

लक्षणे : काही तास ते पाच दिवसांत एकाएकी ढाळ लागतात, बहुधा कळ वा ताप नसतो. मल तांदळाच्या धुवणासारखा. ओकाऱ्या, पोटऱ्यांत गोळे, खोल गेलेले डोळे. कातडीची चिमटी सोडली तरी तशीच राहते. लघवी बंद होणे गंभीर. रक्त-आव पडत असल्यास आमांशाचा संशय घ्यावा. मलतपासणीसाठी उपचार अडवू नयेत.

उपचार : जलसंजीवनी, रुग्ण पिऊ शकत नसल्यास शिरेतून सलाइन. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट चमचे (चहाचे) साखर व अर्धा चमचा मीठ. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत दिलीप महालनबीस यांनी जलसंजीवनी पाजूनच असंख्य रुग्ण वाचवले. प्रतिजैविके दुय्यम.

प्रतिबंध : मुख्य भिस्त पाण्यावर. गोल विहिरीतील पाणी (लिटर) = व्यास × व्यास × पाण्याची खोली × ७८५; मापे मीटरमध्ये. दर हजार लिटरला सुमारे २.५ ग्रॅम ताजी टीसीएल (ब्लीचिंग) पावडर. म्हणजे व्यास ४ व पाणी ५ मीटर असल्यास ६२,८०० लिटरला १५७ ग्रॅम. पावडर बादलीत कालवून दहा मिनिटे निवळू द्यावी, वरची निवळी दुसऱ्या बादलीत घेऊन ती दोराने विहिरीत खालीवर हिसळावी. तळचा चुना विहिरीत टाकू नये. तासाभराने पाण्यातील क्लोरीनसाठी ओटी (ऑर्थोटोलिडीन) टेस्ट. पिवळा रंग न आल्यास पुन्हा मात्रा. ढेकळे झालेल्या पावडरीतला क्लोरीन उडालेला असतो, आणि ग्रामपंचायतीच्या कोपऱ्यात पोत्याचे तोंड उघडे राहिले की बहुधा तेच होते. साथीत अंदाजपंचे पिशवी ओतल्याने पाणी उग्र लागते व लोक ओढ्याकडे वळतात.

समाजेतिहास : एकोणिसाव्या शतकात पंढरीच्या यात्रेतून साथी पसरल्याच्या नोंदी आहेत. साथीत मरीआईचा गाडा शिवेबाहेर नेत. मरीआई मुळात पटकीचीच देवता की सर्व साथींची, याबाबत मतभेद.

लस : हाफकिन यांनी १८९३ पासून भारतात टोचली, आता तोंडावाटे देतात.