टॅपेट न वाजणारे इंजिन

अमेरिकन आलिशान सेडानवर मराठीत लिहायला बसले की पहिली अडचण येते ती आदराची. रोल्स-रॉइसचे नाव निघाले की आपण सावरून बसतो, मर्सिडीजवर आपला डोळे मिटून विश्वास असतो. कॅडिलॅक किंवा लिंकन म्हटले की मात्र चेहऱ्यावर किंचित हसू येते. लांबलचक बॉनेट, मागे माशासारखे पर, ढीगभर क्रोम आणि पेट्रोल ढोसणारे अवाढव्य इंजिन, एवढ्यावर विषय संपतो. हे चित्र खोटे नाही. पण ते मुख्यतः १९५०च्या दशकाचे आहे आणि तेही बाहेरून पाहिलेले. या पुस्तकात बॉनेट उघडून आत डोकवायचे आहे. त्यासाठी इंजिनिअरिंगची पदवी लागत नाही. ज्याने स्कूटरचा प्लग एकदा तरी काढून पुसला आहे, त्याची तयारी पुरेशी झाली असे समजायला हरकत नाही.

सुरुवात हेन्री लेलँडपासून करावी लागते. हा गृहस्थ मोटारीच्या धंद्यात आला तेव्हा साठीला टेकला होता. त्याआधीचे आयुष्य कोल्टच्या बंदुकांच्या कारखान्यात आणि ब्राउन अँड शार्प या मोजमापाची उपकरणे करणाऱ्या कंपनीत गेले होते. १९०२ मध्ये डेट्रॉइटला हेन्री फोर्ड स्वतःच्याच नावाची कंपनी सोडून बाहेर पडला. मागे राहिलेल्या भागधारकांनी यंत्रसामग्रीची किंमत करायला लेलँडला बोलावले. त्याने किंमत सांगितली, पण सोबत सल्लाही दिला की विकू नका, माझ्याकडे एक इंजिन आहे ते घ्या आणि गाड्या काढा. तीच कॅडिलॅक.

त्या काळी गाडी जुळवणे म्हणजे कानस घेऊन बसणे. एक भाग दुसऱ्यात बसेना की घासायचा, पुन्हा लावून बघायचा, पुन्हा घासायचा. त्यामुळे प्रत्येक गाडी स्वतंत्र असे आणि एकीचा पिस्टन दुसरीला चालेल याची खात्री नसे. युरोपात यालाच कसब म्हणत. लेलँडला ते कसब वाटतच नव्हते; त्याच्या मते तो निष्काळजीपणा होता. १९०८ मध्ये इंग्लंडात ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर रॉयल ऑटोमोबाइल क्लबच्या देखरेखीखाली तीन कॅडिलॅक पूर्ण खोलल्या गेल्या. २,१६३ भागांचा एक ढीग केला, त्यातले ८९ भाग बाजूला काढून त्यांच्या जागी दुकानातल्या साठ्यातले घातले, आणि मेकॅनिकांच्या हातात फक्त पाने व स्क्रू-ड्रायव्हर दिले. कानस वापरायला बंदी. तिन्ही गाड्या जुळल्या, चालू झाल्या आणि प्रत्येकी ५०० मैल धावल्या. त्या वर्षाची ड्यूअर ट्रॉफी कॅडिलॅकला मिळाली. गाड्या एका सिलिंडरच्या आणि साध्याच होत्या, आलिशान तर मुळीच नव्हत्या. तरीही अमेरिकन आलिशान गाडीचा पाया त्या ढिगातच घातला गेला असे मी मानतो. कारागिराचा हात कुठे लागला हे गाडीवर दिसता कामा नये, ही तिथली कारागिरीची कल्पना. पुढची सगळी प्रकरणे या कल्पनेच्या उतरंडीवर किंवा तिच्याशी झालेल्या भांडणावर उभी आहेत.

मापातली ही शिस्त इंजिनात कशी उतरली याचे एक उदाहरण जवळून पाहू. १९१५च्या मॉडेलसाठी कॅडिलॅकने व्ही-८ इंजिन आणले. अमेरिकेत मोठ्या संख्येने निघालेले हे पहिले व्ही-८. ताकद ७० अश्वशक्ती, त्या काळाच्या मानाने भरपूर. पण त्याच्या क्रँकशाफ्टच्या चारही पिना एकाच पातळीत, एकमेकींपासून १८० अंशांवर होत्या. अशा रचनेत पिस्टनांच्या वरखाली होण्यातून एक आडवा थरथराट उरतो, आणि ठरावीक वेगाला तो थेट बसणाऱ्याच्या पाठीला जाणवतो. नऊ वर्षे लोकांनी तो सहन केला. मग १९२४च्या मॉडेलसाठी पिना ९० अंशांवर फिरवल्या गेल्या आणि शाफ्टला वजने जोडून तोल साधला. थरथराट गेला.

पण या उपायाची एक गंमत आहे. पिना अशा फिरवल्या की एका बाजूच्या चार सिलिंडरमधले स्फोट समान अंतराने होत नाहीत. दोन पाठोपाठ येतात, मग मोठी फट पडते. एक्झॉस्टमधून त्याचा जो खोल, अडखळता घुमारा निघतो, त्यालाच आज जग अमेरिकन व्ही-८चा आवाज म्हणते. तरुण मंडळी सायलेन्सर काढून तो ऐकवत फिरतात. हा आवाज ज्या रचनेतून आला ती मुळात गाडी शांत व्हावी म्हणून केलेली होती.

शांततेचा हा ध्यास १९३० मध्ये टोकाला गेला. जानेवारीत न्यूयॉर्कच्या मोटार प्रदर्शनात कॅडिलॅकने सोळा सिलिंडरची गाडी मांडली. शेअर बाजार कोसळून जेमतेम दोन-अडीच महिने झाले होते. यापेक्षा वाईट मुहूर्त शोधून सापडला नसता. इंजिन ४५२ घन इंचांचे, म्हणजे ७.४ लिटरचे, ताकद १६५ अश्वशक्तीच्या आसपास. आकड्यांपेक्षा त्यातली एक बारीक गोष्ट महत्त्वाची आहे. व्हॉल्व्ह उघडमीट करणाऱ्या यंत्रणेत थोडी फट ठेवावीच लागते, कारण धातू तापला की वाढतो. ती फट असली की इंजिन टकटकते. आपल्याकडचा कुठलाही मेकॅनिक कान देऊन सांगेल, टॅपेट वाजताहेत. सोळा सिलिंडर म्हणजे बत्तीस व्हॉल्व्ह. एवढे टॅपेट वाजू लागले तर गाडी कसली, छापखानाच. म्हणून इंजिनिअर ओवेन नॅकरच्या हाताखालच्या मंडळींनी प्रत्येक रॉकरच्या टेकूपाशी तेलाच्या दाबावर चालणारा छोटा दट्ट्या बसवला. फट पडली की तो आपोआप भरून काढी. टॅपेट गप्प झाले. वर तारा-नळ्या झाकल्या, काळे इनॅमल, पॉलिश केलेले ॲल्युमिनियम आणि क्रोम यांनी इंजिन सजवले. बॉनेट उघडल्यावर काय दिसावे याचा असा विचार अमेरिकेत आधी फारसा झाला नव्हता. १९४० पर्यंत दोन पिढ्यांत मिळून सुमारे ४,००० गाड्या खपल्या. धंदा म्हणून हे फसलेच.

याच सुमारास इंडियानात ड्यूसेनबर्ग बंधूंची वाट वेगळी होती. त्यांची मूळ ओळख शर्यतीची. इंडियानापोलिसची ५०० मैलांची शर्यत त्यांच्या गाड्यांनी १९२४, १९२५ आणि १९२७ मध्ये जिंकली होती. १९२८च्या अखेरीस आलेल्या मॉडेल जेमध्ये दोन कॅमशाफ्ट आणि प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह होते, म्हणजे शर्यतीचे तंत्र घरच्या गाडीत. कंपनीचा दावा २६५ अश्वशक्तीचा. कंपनी फक्त चेसिस विकी, किंमत ८,५०० डॉलर. त्या वेळी फोर्डची मॉडेल ए पाचशेच्या आसपास मिळत होती. बॉडी गिऱ्हाइकाने मर्फी, रोल्स्टन, ज्युडकिन्स अशा कारखान्यांकडून करून घ्यायची. ही घराणी बग्ग्यांच्या परंपरेतली. ॲश लाकडाचा सांगाडा, त्यावर हाताने ठोकून आकार दिलेला पत्रा, आत चामडे आणि पॉलिश केलेले लाकूड. १९३३च्या शिकागो जागतिक प्रदर्शनात गॉर्डन ब्युरिगच्या आराखड्यावर रोल्स्टनने केलेली एक चार दारी सेडान मांडली होती. किंमत २०,००० डॉलर, म्हणून नाव ‘ट्वेंटी ग्रँड’. सुपरचार्जरवाली ही गाडी आज कॅलिफोर्नियात सिल्मारच्या नेदरकट संग्रहालयात आहे. एका सेडानमध्ये इंजिन आणि बॉडी दोन्हींची कारागिरी बरोबरीने पाहायची असेल तर माझ्या मते यासारखा दुसरा नमुना नाही.

मराठी वाचकाला इथे एक धागा सापडतो. इंदूरच्या यशवंतराव होळकरांनीही १९३०च्या दशकात सुपरचार्जरवाली ड्यूसेनबर्ग मागवली आणि तिच्यावर लंडनच्या गर्नी नटिंगकडून उघडी, सडपातळ बॉडी करून घेतली. रंग केशरी आणि काळा. ती सेडान नव्हे, म्हणून पुस्तकात तिला जागा नाही. पण तिचे छायाचित्र पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. मुंबईशी अमेरिकन गाड्यांचा संबंध याहून साधा होता. शिवडीला १९२८ पासून जनरल मोटर्सची जुळणी चाले, आणि स्वातंत्र्याच्या सुमारास वालचंदांच्या प्रीमियरने कुर्ल्याला डॉज आणि प्लिमथ जुळवायला घेतल्या. त्या गाड्या क्रायस्लरच्या घरातल्या, पण माजघरातल्या. दिवाणखान्यातली इम्पीरियल वेगळी.

पॅकार्डवर एक पूर्ण प्रकरण आहे, म्हणून इथे थोडक्यात. १९१५ मध्ये बारा सिलिंडरची ट्विन सिक्स काढणाऱ्या या कंपनीने दुसऱ्या महायुद्धात रोल्स-रॉइसचे मर्लिन विमान-इंजिन परवान्याने ५५,००० हून अधिक संख्येने बनवले. अमेरिकन यंत्रकामाबद्दल नाक मुरडणाऱ्याला हा एक आकडा पुरे. डेट्रॉइटला घडलेली शेवटची पॅकार्ड १९५६ची.

युद्धानंतर कॅडिलॅकने १९४९ मध्ये वरच्या बाजूला व्हॉल्व्ह असलेले नवे व्ही-८ आणले, १६० अश्वशक्तीचे. पुढच्याच वर्षी अमेरिकन शर्यतपटू ब्रिग्ज कनिंगहॅमने अशा दोन गाड्या २४ तासांच्या ल मॉं शर्यतीत उतरवल्या. एक जवळपास शोरूममधून काढावी तशी, ती दहावी आली. दुसरी विचित्र बॉडीची, फ्रेंचांनी जिला राक्षस म्हटले, ती अकरावी. क्रायस्लरने १९५१ पासून अर्धगोलाकार ज्वलनकक्षांचे इंजिन देऊन या चढाओढीला धार आणली. १९५७ची एल्डोराडो ब्रूम ही चार दारी गाडी १३,०७४ डॉलरची. घासून मंद चमक दिलेले स्टेनलेस स्टीलचे छप्पर, हवेवरचे सस्पेन्शन, आत अत्तराची कुपी आणि लोहचुंबकाने जागेवर राहणारे पेले. पेल्यांचे कौतुक मला कधीच वाटले नाही. छप्पर मात्र पाहण्यासारखे आहे.

१९६१च्या लिंकन कॉन्टिनेंटलकडे लोक तिच्या उलट्या उघडणाऱ्या मागच्या दारांसाठी पाहतात. मी तिला मानतो ते तपासणीसाठी. मिशिगनच्या विक्सम कारखान्यात प्रत्येक इंजिन स्टँडवर तीन तास पळवत, मग खोलून तपासून पुन्हा जुळवत. तयार गाडी १२ मैल रस्त्यावर चालवून मगच बाहेर सोडत. जोडीला २४ महिने किंवा २४,००० मैलांची हमी, त्या काळात न ऐकलेली. लिंकन कंपनीही १९१७ मध्ये लेलँडनेच काढली होती हे इथे आठवावे. १९२२ मध्ये ती फोर्डने विकत घेतली.

अश्वशक्तीचे आकडे वाचताना नव्या अभ्यासकाने एक सावधगिरी बाळगावी. १९७१ पर्यंत कंपन्या इंजिन एकटे स्टँडवर ठेवून, पंखा, सायलेन्सर, अल्टरनेटर वगळून ताकद मोजत आणि जाहिरात करत. १९७२ पासून हे सगळे जोडून मोजलेला आकडा रूढ झाला. कॅडिलॅकचे ७.७ लिटरचे इंजिन १९७० मध्ये ३७५ अश्वशक्तीचे होते, १९७२ मध्ये २२० चे दिसते. यातली बरीच घट कागदावरची आहे. उरलेली खरी, कारण प्रदूषणाच्या कायद्यामुळे आणि शिसेविरहित पेट्रोलच्या तयारीसाठी कॉम्प्रेशन उतरवले गेले. दोन काळांतल्या इंजिनांची तुलना करताना हे विसरलात की निष्कर्ष हमखास चुकतो.

त्यानंतरचा काळ मी पुस्तकात झाकलेला नाही. १९७३चे तेलसंकट, १९८१चे गरजेप्रमाणे आठाचे सहा आणि सहाचे चार सिलिंडर करणारे इंजिन (कल्पना योग्य, संगणक अपुरा, वर्षभरात जवळपास सगळ्या मॉडेलांतून काढून टाकले), आणि १९८२ची सिमारॉन, म्हणजे शेव्हरोलेच्या स्वस्त गाडीवर कॅडिलॅकची पाटी. सिमारॉनला मी क्षमा करू शकत नाही. फसलेल्या प्रयोगाला इतिहासात मान असतो, आळसाला नसतो. १९९० नंतरच्या नॉर्थस्टार इंजिनाने पत थोडी परत आणली, पण हेड गॅस्केटच्या तक्रारींनी ती पुन्हा घालवली.

शेवटचे प्रकरण सीटीएस-व्हीपासून, म्हणजे २००४ पासून, सीटी५-व्ही ब्लॅकविंगपर्यंत येते. ६.२ लिटर, सुपरचार्जर, ६६८ अश्वशक्ती, आणि मागणी नसतानाही ठेवावा तसा हाताने बदलायचा सहा गिअरचा गिअरबॉक्स. इंजिन केंटकीतल्या बोलिंग ग्रीनला एकच कारागीर पहिल्या बोल्टपासून शेवटपर्यंत जुळवतो आणि त्याच्या सहीची पाटी वर बसते. लेलँडला ही पाटी आवडली नसती. ज्या भागावरून तो कोणी केला हे ओळखू येते तो भाग त्याच्या लेखी बाद होता. शंभर वर्षांपूर्वी हात पुसून टाकणे ही चैन होती. यंत्रे सगळे करू लागल्यावर हात दिसणे ही चैन झाली. माझा कौल लेलँडच्या बाजूने आहे: सही ग्राहकासाठी आहे, इंजिन टिकते ते सिलिंडरच्या भोकाच्या मापावर. वाचकाने मात्र सगळी प्रकरणे वाचून स्वतःचे मत करावे.

लिंकनने २०२० नंतर अमेरिकेत सेडान विकणे थांबवले, क्रायस्लर ३०० ही २०२३ मध्ये बंद झाली. त्यामुळे हा विषय आता अभ्यासाला सोपा झाला आहे; गाड्या संग्रहालयात स्थिर उभ्या आहेत. मिशिगन-इंडियानाकडे कोणी नातेवाईक असतील तर हिकरी कॉर्नर्सचे गिलमोर संग्रहालय आणि ऑबर्नचे ऑबर्न-कॉर्ड-ड्यूसेनबर्ग संग्रहालय, दोन्ही पाहून या. दुसरे तर ऑबर्न कंपनीच्या १९३०च्या शोरूममध्येच आहे. बाहेरून फोटो काढण्याआधी बॉनेट उघडे असलेली गाडी शोधा, आणि हे पुस्तक सोबत असेल तर तिसरे प्रकरण तिथेच उभे राहून वाचा.