दुःख सोसणे आणि दुःख पाहणे

मावळातील उर्से हे गाव आज लोकांना द्रुतगती मार्गावरील टोलनाक्यामुळे माहीत आहे. पण या गावाच्या दोन्ही बाजूंना बुद्धाच्या खुणा आहेत. पश्चिमेला बेडसे, भाजे, कार्ले येथील लेणी. पूर्वेला देहूरोड, जेथे २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. याच मावळात, लोणावळ्यास, १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम स्थापून योगाचा शास्त्रीय अभ्यास सुरू केला.

आज योग आणि ध्यान यांची शिबिरे सर्वत्र भरतात. दुःखाकडे शांतपणे पाहा, असे तेथे सांगतात. हे ऐकून आपला माणूस बिचकतो. त्याचे बिचकणे रास्त आहे. पूर्वजन्मीचे भोग आहेत, मुकाट्याने सोसा, हेच त्याच्या बापजाद्यांना सांगितले गेले होते.

मग बुद्धाची स्मृती म्हणजे तेच सोसणे काय? मुळीच नाही. गौतमाने आळार कालाम आणि उद्दक रामपुत्त यांच्याकडे समाधी शिकली, उपासाने देह झिजवला आणि दोन्ही मार्ग अपुरे म्हणून सोडले. सतिपट्ठान सुत्तात शरीर, वेदना, चित्त आणि धम्म यांचे निरीक्षण सांगितले आहे. सल्ल सुत्तात बाणाचा दृष्टान्त येतो. बाण लागलेला अज्ञ माणूस शोकाने स्वतःला दुसराही बाण मारून घेतो. आपला दुसरा बाण म्हणजे मनात रुजवलेली हीनता. तो उपटायला ध्यान उपयोगी पडते.

पण पहिला बाण कोणी मारला? सर्व वेदना पूर्वकर्माचेच फळ, हे मत बुद्धाने सीवक सुत्तात स्पष्ट नाकारले. पित्त, वात, ऋतू, बाह्य आघात अशी कारणे त्याने मोजून सांगितली. म्हणजे दुःख नीट पाहणे म्हणजे त्याचे कारण शोधणे. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी दुःखाची ओळख आणि त्याचे निवारण हाच धम्माचा पाया मानला. महाडला १९२७ साली लोक तळ्यावर गेले, तेव्हा ते तहान सोसत बसले नव्हते.

ध्यान हे फुरसतीच्या माणसाचे काम, असे कोणी म्हणेल. त्याने कार्ल्याला जावे. तेथील चैत्याचे दार घडविणाऱ्या सामी नावाच्या सुताराचे नाव दगडात कोरलेले आहे. धम्म कष्टकऱ्यांचाही होता. श्वासावर लक्ष ठेवून बसा, अवश्य बसा. मात्र डोळे उघडल्यावर पहिला बाण कोठून आला, तिकडे पाहा.