लुकिंग ग्लासचा अस्त

एखादी संस्था बुडाली, की तिच्या मालास गिऱ्हाईक नव्हते, असा निवाडा आपण चटकन देऊन मोकळे होतो. परंतु इतिहासाचा हिशेब इतका सरळ नसतो. अमेरिकेतील मॅसेच्युसेट्स राज्यात, केंब्रिज येथे, २४ मे २००० रोजी ‘लुकिंग ग्लास स्टुडिओज’ ही संगणकावरील खेळ रचणारी संस्था बंद पडली. तिचे उदाहरण आम्ही श्रोत्यांपुढे ठेवीत आहो, ते याच कारणासाठी.

पॉल न्यूरथ यांनी १९९० साली हिची स्थापना केली. १९९२ साली तिचा ‘अल्टिमा अंडरवर्ल्ड’ हा खेळ आला. त्यात खेळणारा जणू स्वतःच्या डोळ्यांनी पाहत भुयारात हिंडतो, पोहतो, भेटेल त्याच्याशी बोलतो. १९९८ च्या ‘थीफ’मध्ये तर नायकच चोर, तलवारीपेक्षा अंधार हाच त्याचा खरा आधार. फरशीवर पाऊल वाजते, गालिच्यावर वाजत नाही, आणि पहारेकरी चाहूल घेत असतो. रचनाकारांनी त्या जगाचे नियम तेवढे घालून दिले. वाट शोधण्याचे काम खेळणाऱ्याच्या बुद्धीवर सोपविले. सखोल खेळ म्हणतात ते यालाच.

अशा खेळांना गिऱ्हाईक नव्हते काय? या दोन्ही खेळांच्या प्रत्येकी सुमारे ५ लाख प्रती खपल्या. मग दिवाळे का निघाले? याचे उत्तर व्यवहाराच्या रीतीत आहे. खेळ रचण्यास दोन-तीन वर्षे लागतात, तोवर वेतन चुकत नाही. प्रकाशक आगाऊ रक्कम देतो. ती विक्रीतून वसूल झाल्यावरच रचणाऱ्याच्या पदरी स्वामित्वधन पडू लागते. त्यातच १९९६ चा ‘टेरा नोव्हा’ खर्च भरून काढू शकला नाही. १९९९ च्या विमानोड्डाणाच्या खेळास मायक्रोसॉफ्टच्या तशाच खेळाशी झुंजावे लागले. मार्च २००० मध्ये ‘थीफ’चा दुसरा भाग आला. तो खपला, परंतु त्याचे पैसे हाती येण्यापूर्वीच संस्थेची गंगाजळी आटली, आणि प्रकाशक आयडॉस स्वतःच अडचणीत होता. वरातीमागून घोडे येणार होते खरे. पण वरातच थांबली.

विद्या मात्र संस्थेबरोबर बुडाली नाही. तेथे काम केलेल्या वॉरन स्पेक्टर यांचा ‘डेउस एक्स’ जून २००० मध्ये, तर केन लेव्हीन यांचा ‘बायोशॉक’ २००७ साली निघाला. पुढे बाजारही पालटला. पूर्वी दुकानाच्या फळीवर खेळास थोडेच आठवडे मिळत. २००३ साली ‘स्टीम’ ही इंटरनेटवरील पेढी निघाल्यापासून जुना खेळही वर्षानुवर्षे विकला जाऊ लागला. २०२३ साली बेल्जियमच्या लॅरियन संस्थेच्या ‘बाल्डर्स गेट ३’ने सखोल खेळास केवढा मोठा रसिकवर्ग आहे, हे दाखवून दिले.

तथापि धोका टळला असे कोणी समजू नये. याच परंपरेतील ‘प्रे’ हा खेळ २०१७ साली काढणारी ऑस्टिनची आर्केन शाखा, २०२३ मधील एका अपयशानंतर, २०२४ साली मायक्रोसॉफ्टने बंद केली. अनेक वर्षांच्या कौशल्यास पुरेसा अवधी न मिळणे हे आजही घडते.

तात्पर्य, गुणवत्तेची परीक्षा बाजार घेतो हे खरे, पण उत्तरपत्रिका तपासून होईपर्यंत परीक्षार्थी जिवंत राहावा, याची तजवीज बाजार करीत नाही. ती ज्यांनी करावयाची, त्यांनी ती केली की नाही, हेच अशा प्रत्येक अस्ताच्या वेळी आपण विचारले पाहिजे.