लोणारचें सरोवर आणि पुराणांची साक्ष

मेहकरहून सिंदखेडराजाकडे जाणाऱ्या रस्त्यावर बीबी नांवाचें गांव लागतें. बुलढाणा जिल्ह्याचा हा दक्षिण भाग काळ्या कातळाचा आहे. बीबी ज्या तालुक्यांत मोडतें त्याचें मुख्य ठिकाण लोणार, आणि लोणार म्हटलें कीं तेथील खाऱ्या पाण्याचें सरोवर डोळ्यांपुढें उभें राहतें. प्राचीन धर्मग्रंथांनीं आपल्या ज्ञानांत नेमकी कोणती भर घातली, हा प्रश्न सबंध देशाविषयीं विचारला तर त्याचें उत्तर थोड्या वेळांत देणें शक्य नाहीं. म्हणून आज या एका स्थळापुरता त्याचा विचार करूं.

स्कंदपुराणाच्या नांवानें चालत आलेल्या माहात्म्यांत या क्षेत्रास विरजक्षेत्र म्हटलें आहे. लवणासुर नांवाचा दैत्य येथें भूमीच्या पोटांत विवर करून राहत असे. लोकांना त्यानें त्राहि भगवन् करून सोडलें, तेव्हां विष्णूनें सुंदर तरुणाचें रूप घेतलें, दैत्याच्या बहिणींकडून त्याची लपण्याची जागा जाणून घेतली, पायाच्या अंगठ्यानें विवरावरचें झांकण उडविलें आणि त्याचा वध केला. तें झांकण दूर जाऊन पडलें, त्याची टेकडी झाली. सरोवराचें पाणी म्हणजे त्या दैत्याचें रक्त, आणि पाण्यांतील क्षार म्हणजे त्याचें मांस, असें लोक सांगत आले.

कथा अद्भुत आहे. परंतु तिच्यांत पाहणी किती आहे तें पाहा. खळगा वाटोळा आहे, तो सभोंवारच्या जमिनीहून एकदम खोल गेला आहे, आणि येथें झांकणासारखें कांहीं होतें तें उडून गेलें असावें असें त्याच्याकडे पाहतांच वाटतें. पाणी खारें आहे, पण कांठावरून पडणारी धार गोड आहे. ही धार तीर्थ ठरली. यात्रेकरू तेथें स्नान करतात. लवण या शब्दावरूनच गांवाचें नांव पडलें. ज्या समाजांत लिहितांवाचतां येणारे थोडे होते, त्या समाजांत पुराणिकाच्या तोंडून ही सारी माहिती पिढ्यान्‌पिढ्या टिकली.

सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलनें ‘आईन-इ-अकबरी’ लिहिली, तींत मेहकर सरकाराच्या वर्णनांत लोणार आलें आहे. ब्राह्मण या स्थानास विष्णुगया म्हणतात असें तो नमूद करतो, आणि त्याबरोबरच कांच व साबण करण्यास लागणारे पदार्थ येथें मिळतात व त्यांपासून सरकारांत चांगला वसूल येतो, हेंही सांगतो. येथील क्षारांना डल्ला, पापडी, भुसकी अशीं वेगवेगळीं नांवें होतीं. तीर्थ आणि व्यापार असे एकाच पाण्याच्या कांठीं नांदत होते.

गांवांतील दैत्यसूदनाचें मंदिर हें या कथेचें दगडी रूप होय. चालुक्य-यादवांच्या काळांतील या मंदिराचें विधान तारकाकृति आहे, आणि गाभाऱ्यांत लवणासुरास पायांखालीं घातलेला विष्णु उभा आहे. सरोवराच्या कांठींही अनेक मंदिरें आहेत; कमळजा देवीचें मंदिर त्यांपैकींच एक. कथेनें शिल्पकारास विषय दिला आणि रानावनांतल्या एका खळग्यास क्षेत्राचा मान दिला.

आतां दुसरी बाजू. १८२३ सालीं अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्यानें हें सरोवर पाहून त्याचें वर्णन केलें. पुढें दीर्घकाळ भूगर्भशास्त्रज्ञ तें ज्वालामुखीचें मुख समजत. १८९६ सालीं अमेरिकेंतील गिल्बर्ट यांनीं ॲरिझोनांतील विवराशीं त्याचें साम्य दाखविलें. १९७३ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनानें निर्णय झाला. प्रचंड आघातावांचून होऊं न शकणारी एक प्रकारची कांच येथील खडकांत सांपडली, आणि सुमारें १·८ किलोमीटर व्यासाचा हा खळगा अशनिपातानें झाला हें निश्चित झालें. २०११ सालच्या मापनाप्रमाणें त्याचें वय सुमारें ५,७०,००० वर्षें आहे. तत्पूर्वीं तें ५०,००० वर्षांच्या आसपास समजत असत.

अशा वेळीं दोन मोह होतात. एक म्हणतो, पहा, विष्णूचा पदाघात म्हणजेच अशनिपात. पुराणकारांना हें ठाऊक होतें. दुसरा म्हणतो, या निव्वळ भाकडकथा, त्या टाकून द्या. दोघेही घाई करतात. वर सांगितलेल्या आंकड्यांपुढें पहिल्याचें म्हणणें टिकत नाहीं. शिवाय पुराणें एका हातानें एका वेळीं लिहिलेलीं नाहींत. नेपाळांत मिळालेली इ. स. ८१० ची स्कंदपुराणाची ताडपत्री पोथी पुढें प्रचारांत आलेल्या खंडांहून अगदीं निराळी आहे. अनेक क्षेत्रमाहात्म्यें मागाहून त्या नांवाखालीं आलीं. दुसऱ्याला इतकेंच विचारावें कीं, या कथेवांचून हें मंदिर उभें राहिलें असतें काय?

जून २०२० मध्यें सरोवराचें पाणी एकाएकीं गुलाबी झालें. कथेंतील दैत्याच्या रक्ताची आठवण कोणास झाली असल्यास नवल नाहीं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनें तपासणी केली, तेव्हां क्षारांत वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांच्या रंगद्रव्यामुळें हा पालट झाल्याचें दिसून आलें. पूर्वीं अशाच एकाद्या उन्हाळ्यांत तांबूस पाणी पाहूनच कथाकारास रक्त सुचलें असेल काय? असेलही; परंतु त्यास पुरावा नाहीं, म्हणून तसें ठाम विधान करूं नये.

त्याच वर्षीं लोणारची रामसर स्थळांच्या जागतिक यादींत गणना झाली. पूर्वीं ज्या पाण्याचें रक्षण श्रद्धेनें होई, त्याचें आतां कायद्यानें व्हावयाचें आहे. पुराणें वाचावींत तीं आपल्या पूर्वजांनीं काय पाहिलें, कशाचा मान राखला आणि तें कसें सांगितलें हें जाणण्यासाठीं. विवर कसें झालें, हें मात्र खडकासच विचारलें पाहिजे. ज्याची साक्ष ज्या विषयांत चालते, त्याच विषयांत ती घ्यावी. यांत पुराणांचा अवमान नाहीं आणि शास्त्राचीही हानि नाहीं.