उपवासाला चालणारं धान्य

आषाढी एकादशीला घरी काय काय शिजतं, याची यादी मुलांना फळ्यावर लिहायला सांगा. साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याची आमटी, बटाट्याची भाजी, उकडलेली रताळी, वरीचा भात, राजगिऱ्याचं थालीपीठ, राजगिऱ्याची वडी. आता प्रत्येक पदार्थापुढे ती वनस्पती मूळची कुठली ते लिहायचं. साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो कसावा अमेरिकेतला. भुईमूग, बटाटा, रताळं हीही तिकडचीच. खिचडीतली मिरचीसुद्धा! वरी तेवढी आपल्याकडची. मग राहिला राजगिरा. नावात 'राजा', उत्तरेत तर त्याला 'रामदाना' म्हणतात. हा तरी नक्कीच इथला, असं वर्गातली बहुतेक मुलं सांगतील.

पण दाण्याचा राजगिराही अमेरिकेतूनच आला आहे. हे आपल्याला कशावरून कळतं? आणि परमुलखातून आलेला दाणा आपल्या देवघरापर्यंत कसा पोचला? या दोन प्रश्नांचा मागोवा आपण इथे घेऊ.

मूळगाव कसं शोधतात?

पिकाचं मूळगाव शोधताना आधी त्याचे जंगली नातेवाईक कुठे आहेत ते पाहतात. जोनाथन सॉअर या अमेरिकन अभ्यासकांनी 1950 आणि 1967 साली राजगिऱ्यावर सविस्तर लेखन केलं. दाण्यासाठी लावल्या जाणाऱ्या राजगिऱ्याच्या तीन जाती आहेत. त्यांचे जवळचे जंगली नातेवाईक मध्य आणि दक्षिण अमेरिकेत सापडतात. जंगली जातींचं बी काळं असतं. माणसाने पिढ्यान् पिढ्या निवड करून फिकट दाण्याची झाडं राखली. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासातही या तिन्ही जाती अमेरिकेतल्या जंगली राजगिऱ्यापासूनच, पण वेगवेगळ्या वेळी माणसाळल्या गेल्या, असं दिसलं.

मग तो इथलाच, प्राचीन, असं आपल्याला का वाटतं? कारण त्याची भावंडं खरोखरच इथली आहेत. माठ आणि तांदुळजा या पालेभाज्या राजगिऱ्याच्याच कुळातल्या. 'तण्डुलीयक' या नावाने पालेभाजीचा उल्लेख चरकसंहितेतही आहे. म्हणजे पाल्याची ओळख जुनी आणि दाण्याची नवी. ग्रंथात एखादं नाव सापडलं की ते नेमकं कोणत्या वनस्पतीचं आणि तिच्या कोणत्या भागाचं, हे विचारायला हवं, एवढा धडा यातून घ्यायला हरकत नाही.

देव पिठाचा, प्रसाद पिठाचा

आता मेक्सिकोकडे वळू. तिथे अॅझटेक लोकांचं राज्य होतं. राजगिऱ्याला ते 'वाउत्ली' म्हणत. जिंकलेल्या प्रांतांकडून राजधानीला जो कर येई त्यात मका, घेवडा आणि चिया यांच्या बरोबरीने वाउत्लीच्या कणग्या असत. साधारण 1541 च्या सुमारास तयार झालेल्या 'कोडेक्स मेंडोसा' या चित्रमय हस्तलिखितात या कराची नोंद आहे. ते आज ऑक्सफर्डच्या ग्रंथालयात जपून ठेवलं आहे.

पण वाउत्ली नुसतं पोट भरण्यासाठी नव्हतं. बर्नार्दिनो दे साहागुन हा स्पॅनिश धर्मोपदेशक 1529 साली मेक्सिकोत आला आणि तिथल्या लोकांना विचारून विचारून त्याने त्यांच्या चालीरीतींचा मोठा ग्रंथ तयार केला. त्यात या पिठाच्या देवमूर्तींचं वर्णन आहे. राजगिऱ्याचं पीठ मळून 'त्सोआली' नावाचा गोळा करत, त्यातून देवाची मूर्ती घडवत, आणि सणाच्या शेवटी मूर्तीचे तुकडे करून ते लोक खात. ख्रिस्ती प्रार्थनेतही भाकरीचा तुकडा ख्रिस्ताचं शरीर मानून खाल्ला जातो. त्यामुळे स्पॅनिश पाद्र्यांना यात आपल्या पवित्र विधीची सैतानाने केलेली नक्कल दिसली. 1521 मध्ये अॅझटेकांची राजधानी पडली आणि या मूर्तींवर गदा आली.

इथे एक गोष्ट हमखास सांगितली जाते. स्पॅनिशांनी राजगिऱ्याच्या लागवडीवरच बंदी घातली आणि तो पिकवणाऱ्यांचे हात तोडले, अशी. गोष्ट थरारक आहे, पण ती तपासून घ्यायला हवी. 1629 साली, म्हणजे राजधानी पडल्यानंतर शंभरहून अधिक वर्षांनी, एर्नांदो रुइस दे आलार्कोन या पाद्र्याने तक्रारवजा लिहून ठेवलं आहे की लोक अजूनही नव्या पिकाच्या दाण्याच्या लहान लहान मूर्ती करतात, पूजतात आणि खातात. मूर्ती होत होत्या त्या अर्थी पीक शेतात होतं. विधींवर घाला पडला हे खरं, पण पीक संपवलं गेलं हे खरं नाही.

मग राजगिरा मागे का पडला? कारणं अनेक होती. 1520 ची देवी आणि 1545 व 1576 च्या साथींनी गावंच्या गावं ओस पडली, पेरणार कोण? जुनं राज्य गेलं तशी कर म्हणून वाउत्ली मागणारं कुणी उरलं नाही. नव्या राज्यकर्त्यांना गहू आणि गुरं हवी होती. त्यात दाणा इतका बारीक की एका ग्रॅममध्ये हजाराहून अधिक बसतात. झोडपणं, पाखडणं, चाळणं हे सगळं जिकिरीचं. आणि वर पाद्र्यांची वक्रदृष्टी. एका फटक्याने पीक मरत नाही. त्याचे आधार एकेक करून सुटत जातात.

इथे मात्र देवघरात

कोलंबसाच्या 1492 च्या सफरीनंतर मिरची, बटाटा, भुईमूग जहाजांतून जुन्या जगात आले. त्याच घुसळणीत राजगिऱ्याचा दाणाही आला, असं बहुतेक अभ्यासक मानतात. गढवाल-कुमाऊंच्या उतारांवर, नेपाळात, गुजरातेत बनासकांठ्यात तो रुजला.

उपवासात 'धान्य' वर्ज्य. धान्य म्हणजे कोणतं? तर परंपरेने ठरवलेलं : भात, गहू, ज्वारी, बाजरी, डाळी. नव्याने आलेल्या दाण्याचं नाव त्या यादीत नव्हतं. वनस्पतिशास्त्रही योगायोगाने परंपरेच्या बाजूला आहे. गहू, ज्वारी ही गवतं, एकदल. राजगिरा मात्र द्विदल. ओल्या फडक्यावर राजगिरा आणि ज्वारी शेजारी शेजारी रुजत घाला, मुलांना फरक डोळ्यांनी दिसेल. अर्थात परंपरा काही अंकुर पाहून ठरली नव्हती. वरी हे गवत असूनही ती उपवासाला चालतेच!

म्हणजे पाहा, देवाशी नातं होतं म्हणून एकीकडे राजगिऱ्यावर रोष ओढवला, तर दुसरीकडे देवाशी नातं जुळलं म्हणून तो टिकला. पण टिकला तो उपवासापुरताच. एरवीच्या जेवणात त्याची आठवण क्वचितच होते.

लाही का फुटते, पाव का फुगत नाही?

हे आपल्या तोट्याचं आहे. 100 ग्रॅम राजगिऱ्यात सुमारे 13 ते 14 ग्रॅम प्रथिनं, 160 मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम आणि 7 ते 8 मिलिग्रॅम लोह असतं. पांढऱ्या तांदळात कॅल्शियम 10 मिलिग्रॅमही नसतं. शिवाय गहू-तांदळात लायसीन हे अमिनो आम्ल कमी पडतं, ते राजगिऱ्यात भरपूर असतं. डब्ल्यू. जे. एस. डाउन्टन यांनी 1973 साली हे दाखवून दिलं आणि जगाचं लक्ष पुन्हा या दाण्याकडे वळलं. यातलं लोह सगळंच शरीराला मिळत नाही. सोबत लिंबू, आवळा असला तर अधिक मिळतं.

लाह्या करायला कढई चांगली तापू द्या. तेल नको. चमचाभर दाणे टाका आणि फडक्याच्या बोळ्याने हलवत राहा. दाण्यातल्या ओलाव्याची वाफ होते, कोंडते आणि दाणा फुटतो. काही सेकंदांचाच खेळ. उशीर झाला की दाणे करपले. या लाह्या गुळाच्या पाकात घातल्या की आपली वडी होते. मेक्सिकोत लाह्या मधात किंवा गुळासारख्या पाकात घालून थापतात. त्या वडीला 'आलेग्रिया' म्हणतात, म्हणजे 'आनंद'. मेक्सिको शहराजवळचं तुल्येवाल्को हे गाव त्यासाठी प्रसिद्ध आहे.

पिठाचं मात्र वेगळं. गव्हाची कणीक मळून पाण्याखाली धुतली तर हातात रबरासारखा चिवट गोळा उरतो. ते ग्लुटेन. राजगिऱ्याची कणीक धुवून पाहा, हातात काहीच राहत नाही. म्हणून नुसत्या राजगिऱ्याचा पाव फुगत नाही आणि पोळी तुटते. आपल्या घरातल्या बायकांनी यावर उकडलेला बटाटा मिसळून थालीपीठ थापण्याचा उपाय केव्हाच शोधला आहे. पावात चार भाग गव्हाला एक भाग राजगिरा घालावा. नानकटाईला फुगण्याची फारशी गरज नसते, तिथे निम्मा घातला तरी चालतो.

एप्रिल 2018 मध्ये केंद्र सरकारने ज्वारी, बाजरी, नाचणी यांच्यासोबत राजगिऱ्यालाही 'पोषक धान्य' म्हणून जाहीर केलं. म्हणजे राजपत्रात तो धान्य आहे आणि एकादशीला नाही. आम्हाला यात काही विरोध वाटत नाही. एकादशीला तो जरूर खावा. पण द्वादशीला सकाळी मुलांच्या डब्यातून तो बाहेर का काढावा, याचं कारण मात्र ना वनस्पतिशास्त्रात सापडतं, ना इतिहासात.