पोर्ट 119 वरची रात्र

13 एप्रिल 1994, बुधवार. रात्रीचे अकरा वाजलेत. अमेरिकेच्या मिडवेस्टमधल्या एका विद्यापीठाच्या मशीन रूममध्ये तुम्ही उभे आहात. एसी इतका जोरात चालू आहे की एप्रिलातही स्वेटर काढवत नाही. समोर सनचं स्पार्कस्टेशन आहे, त्यावर सनओएस 4.1.3. दुपारपर्यंत यावर यूजनेटसाठी सी न्यूज हे सॉफ्टवेअर चालत होतं. ते काढून तुम्ही आयएनएन बसवलंय आणि जुने सगळे लेख नव्या एक गिगाबाइटच्या डिस्कवर आणलेत. दारातून एक नागपूरकर पीएचडीवाला डोकावतो.

"काय मग, एससीआय कधी सुरू होतंय?"

एससीआय म्हणजे सॉक.कल्चर.इंडियन हा यूजनेटवरचा ग्रुप. भारतातल्या बातम्या, क्रिकेटचे स्कोअर आणि न संपणारी भांडणं त्याला तिथेच मिळतात. "रात्रीतून होईल," असं तुम्ही सांगून टाकता.

यूजनेटची कल्पना 1979 मध्ये ड्यूक आणि नॉर्थ कॅरोलायना या दोन विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांची. फोन लाइनवरून लेखांचे गठ्ठे एका यंत्राकडून दुसऱ्याकडे जायचे. 1986 मध्ये एनएनटीपी हा प्रोटोकॉल आला आणि तीच देवाणघेवाण इंटरनेटवरून होऊ लागली. या जाळ्याला मुख्य कचेरी नाही. शेजारचा सर्व्हर लेख देतो, तुम्ही पुढच्याला देता. 1992 मध्ये रिच साल्झने आयएनएन जगापुढे मांडलं. त्याचा आयएनएनडी हा एकच डीमन मेमरीत ठाण मांडून बसतो, सगळ्या शेजाऱ्यांशी एकाच वेळी बोलतो आणि आलेला लेख त्याच क्षणी डिस्कवर ठेवतो.

आत्ता मात्र तो बोलत नाही. तुम्ही 119 या पोर्टवर टेलनेट करता आणि उत्तर येतं, कनेक्शन रिफ्यूज्ड. म्हणजे पोर्टवर ऐकायला कोणीच नाही. लॉग उघडता, तर तो कोरा.

कोऱ्या लॉगवर विश्वास ठेवू नका. सिसलॉगची कॉन्फिग फाइल उघडा. संध्याकाळी घाईत टाइप केलेल्या ओळीत दोन रकान्यांमध्ये स्पेस पडल्यात. या सिसलॉगला टॅबच लागतो. स्पेस असली तर तो तक्रार न करता ती ओळ सोडून देतो. लॉगची फाइल आधीपासून नसेल तर तीही तो स्वतः तयार करत नाही. तुम्ही टॅब घालता, रिकामी फाइल बनवता, सिसलॉगला सिग्नल पाठवता आणि न्यूज पुन्हा सुरू करता.

आता लॉग बोलतो: हिस्टरी (आलेल्या लेखांची नोंद) उघडता येत नाही, परमिशन डिनाइड. इथपर्यंत आलात की निम्मं काम झालं. 1024 च्या खालचं पोर्ट उघडायला रूट लागतो, म्हणून आयएनएनडीस्टार्ट हा छोटा प्रोग्रॅम रूट म्हणून 119 उघडतो, मग रूटपण सोडतो आणि उघडलेलं पोर्ट आयएनएनडीच्या हाती देतो. त्यानंतरचा सगळा कारभार न्यूज या युजरच्या नावाने चालतो. हिस्टरीचा इंडेक्स तुम्ही संध्याकाळी रूट म्हणून बांधलात, त्यामुळे त्या फाइलींची मालकी रूटकडेच राहिली. चाउन करून त्या न्यूजच्या नावावर करता. पुन्हा टेलनेट, आणि या खेपेला 200 ने सुरू होणारी स्वागताची ओळ येते.

तरी बाहेरून लेख येत नाहीत. लेख पुरवणाऱ्या विद्यापीठाच्या ॲडमिनला फोन लावता. तो सांगतो, तुमचा सर्व्हर मला 502 देतोय: तुम्हाला बोलायची परवानगी नाही, नमस्कार. ही गंमत आयएनएनच्या रचनेतच आहे. होस्ट्स.एनएनटीपी या फाइलीत ज्याचं नाव, त्याच्याशी आयएनएनडी स्वतः बोलतो. बाकी सगळे त्याच्या लेखी वाचक. त्यांना तो एनएनआरपीडी या वाचकांसाठीच्या प्रोग्रॅमकडे पाठवतो, आणि तिथे वाचकांची वेगळी यादी तपासली जाते. शेजाऱ्याने गेल्या आठवड्यात मशीन बदललं, तुमच्या फाइलीत जुनंच नाव आहे. तुम्ही नाव सुधारता आणि सीटीएलआयएनएनडी या आज्ञेने सर्व्हरला फाइल पुन्हा वाचायला लावता. अशा वेळी ही आज्ञा कारण मागते. कंटाळा न करता खरं कारण लिहा.

लेख धो धो येऊ लागतात. पंधरा मिनिटांनी सर्व्हर पुन्हा गप्प. आता मोड विचारल्यावर तो म्हणतो: थ्रॉटल्ड, डिव्हाइसवर जागा नाही. डीएफ चालवता, तर निम्म्याहून जास्त डिस्क मोकळी!

डीएफला आता आयनोड विचारा. मोकळे आयनोड शून्य. गोदाम रिकामं, पण नोंदवहीत नवी ओळ लिहायला पान उरलेलं नाही. इथे प्रत्येक लेख ही एक स्वतंत्र फाइल आहे आणि प्रत्येक फाइलीला एक आयनोड लागतो. फाइल सिस्टिम बनवताना 8192 बाइटला एक असा हिशेब धरला गेला, म्हणजे एका गिगाबाइटला सुमारे 1 लाख 31 हजार आयनोड. बायनरी ग्रुप तुम्ही घेत नाही, त्यामुळे बहुतेक लेख दोन-तीन किलोबाइटचे. बाइट संपायच्या कितीतरी आधी आयनोड संपतात.

पण नेमके आजच का संपले? नुकत्याच आलेल्या फाइली चाळता. ग्रुप कोणताही असो, मजकूर एकच: ग्रीन कार्ड लॉटरीची जाहिरात. ॲरिझोनातल्या कँटर आणि सीगल या वकील जोडप्याने ती काल 5500 हून अधिक ग्रुपमध्ये टाकली. एकच लेख अनेक ग्रुपमध्ये क्रॉसपोस्ट केला असता, तर डिस्कवर एक फाइल आणि बाकी नुसत्या लिंक राहिल्या असत्या. यांनी प्रत्येक ग्रुपला वेगळी प्रत पाठवली. प्रत्येक प्रतीचा मेसेज आयडी वेगळा. आयडीवरून दुबार लेख ओळखणाऱ्या हिस्टरीला प्रत्येक प्रत नवीच वाटली. काठावर आलेल्या तुमच्या डिस्कला तेवढं पुरलं.

एक्स्पायर.सीटीएलमध्ये लेख ठेवायचे दिवस कमी करता, न्यूज.डेली हातानेच चालवता, आयनोड मोकळे होईपर्यंत थांबता आणि सर्व्हरला पुन्हा चालू व्हायची आज्ञा देता. नवी फाइल सिस्टिम बनवण्याचं काम शनिवारवर ढकलता. पहाटे नागपूरकर पुन्हा येतो, एससीआय उघडतो आणि पहिलंच काय दिसावं, तर ग्रीन कार्ड.

"हे कुणी पाठवलंय?" तो विचारतो, आणि तरीही पूर्ण वाचतो.

इथून तुम्ही आजच्या दिवसात परत या. आयएनएन अजून जिवंत आहे आणि डेबियनमध्ये आयएनएन2 या नावाने मिळतं. होस्ट्स.एनएनटीपीची जागा इनकमिंग.कॉन्फने घेतली, वाचकांसाठी रीडर्स.कॉन्फ आली. सीएनएफएस या पद्धतीत लेख ठरावीक आकाराच्या मोठ्या बफरमध्ये साठतात आणि जुन्यांवर नवे लिहिले जातात, त्यामुळे आयनोडची ती कटकटही टळली. दुरुस्तीचा क्रम मात्र तोच राहिला: लॉग खरंच लिहिला जातोय का, फाइली कोणाच्या मालकीच्या आहेत, समोरच्याला तुमचा सर्व्हर काय समजतोय, आणि जागा संपली म्हणजे नेमकं काय संपलं. कोणताही डीमन अडला की हे चार प्रश्न याच क्रमाने विचारा आणि त्यांची उत्तरं मिळेपर्यंत रीइन्स्टॉल करू नका.